मायब्रितच्या बॅटचा पापुद्रा

होल्गर सुंडीनच्या उजव्या हाताचा अंगठा टोकाला चपटा होता. आमच्या ल्युंगसेले गावच्या प्लायवूड कारखान्यात त्याने चौतीस वर्षं काढली, सगळी गोंदाच्या खात्यात. लाकडाचे पातळ थर एकावर एक ठेवायचे, मध्ये गोंद, वरून दाब. गोंद वाळत आला की नाही हे बाकीचे घड्याळ बघून सांगायचे, होल्गर अंगठा टेकवून सांगायचा. त्यामुळे टेबल टेनिस क्लबात बॅटला रबर चिकटवायचं काम आपोआप त्याच्याकडे गेलं. कुणी ठरवलं नाही, त्यानेही 'मी करतो' असं कधी म्हटलं नाही. बॅट त्याच्यासमोर ठेवली जायची आणि तो ती उचलायचा.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते. क्लब शाळेच्या हॉलमध्ये भरतो, म्हणून हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे, आणि किल्ल्या माझ्याकडे म्हणून संघाची कप्तानीही माझ्याकडे. खेळ माझा यथातथाच. पण वीसेक वर्षं दर गुरुवारी होल्गरच्या शेजारी त्याच बाकावर बसून मी कॉफी प्यायले आहे, तेव्हा जे झालं ते मी जवळून पाहिलं.

पूर्वी रबर लावायला सोल्युशन असायचं, सायकलचं पंक्चर काढतात तसलं. त्याचा वास हॉलच्या पायरीपासून यायचा. सामन्याच्या आधी रबर काढायचं, बॅटच्या लाकडी पाटीला आणि रबराला सोल्युशनचा नवा हात द्यायचा, पुन्हा चिकटवायचं. असं केलं की रबर ताणून बसायचं आणि चेंडू खणखणीत आवाज करत सुटायचा. काढताना तर काही कष्टच नव्हते. कोपरा उचलला की रबर सरळ हातात यायचं, आणि पाटीवर राहिलेलं सोल्युशन बोटाने चोळलं की सायीसारखं गोळा व्हायचं. होल्गर एका संध्याकाळी आठ-आठ बॅटी करायचा. सगळे त्याच्याभोवती उभे राहून चेष्टा करायचे.

"काय रे, आज स्वेआ घरात घेणार का तुला? पेट्रोल पंपासारखा घमघमतोयस."

"ती म्हणते, लग्न केलं तेव्हा तू लाकडाच्या वासाचा होतास, मी फसले," होल्गर म्हणायचा. स्वेआ म्हणजे त्याची बायको.

मग ते सोल्युशन बंद झालं. त्याची वाफ अपायकारक म्हणून खेळातून त्यावर बंदीच आली, आणि त्याच्या जागी पाण्यात कालवलेला पांढरा गोंद आला. होल्गरने बंदीबद्दल तक्रार केली नाही. उलट, बरं झालं, डोकं दुखायचं थांबेल म्हणाला. पण पांढऱ्या गोंदाशी त्याचं जमलं नाही. पहिल्या हिवाळ्यात टपालाने मागवलेली बाटली फाटकाजवळच्या पेटीत दिवसभर राहिली. बाहेर उणे बावीस. आत आणून उघडली तर खाली गुठळ्या, वर पाणी. दुसरी बाटली नीट आली, पण तो गोंद एकदा वाळला की रबर सोडायलाच तयार नसे. जोर लावावा तर रबराखालचा स्पंज फाटून अर्धा पाटीवर राहायचा. पातळ लावला तर कडा उचलायच्या, जाड लावला तर आत ओल राहायची. होल्गर अंगठा टेकवायचा आणि अंगठ्याला काहीच कळायचं नाही, कारण हा गोंद वरून वाळलेला असायचा आणि आतून नाही.

"हा माझं ऐकत नाही," तो एकदा म्हणाला. बाकी काही नाही.

तरी वर्षं गेली. लोक बॅटी देत राहिले, तो करत राहिला. चार चांगल्या झाल्या तर एक बिघडायची. बिघडली की तो स्वतःच्या खणातलं रबर काढून लावून द्यायचा आणि त्यावर कुणी बोललेलं त्याला आवडायचं नाही.

आता मायब्रितबद्दल सांगते. मायब्रित ओकरलुंडने आयुष्यभर आमच्या खोऱ्यात टपाल वाटलं. एकाहत्तरीतही ती आमच्या संघाची सगळ्यात भरवशाची खेळाडू होती. ती टेबलापासून लांब उभी राहायची आणि समोरच्याने काहीही मारलं तरी परत द्यायची. जिंकायची घाई तिला नसायची. समोरचा वैतागून चेंडू जाळ्यात घालेपर्यंत ती देत राहायची. तिच्या बॅटच्या एका बाजूला लांब दाण्यांचं रबर होतं, खाली स्पंज नसलेलं, नुसतं कागदासारखं पातळ. आणि पाटी होती रॅग्नवाल्डच्या हातची. रॅग्नवाल्ड तिचा भाऊ, आमच्या शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्यांच्या घरामागच्या टेकडीवरचं एक स्प्रूसचं झाड पडलं तेव्हा त्याने त्यातून बहिणीसाठी ही एकच बॅट केली. पुढे अठ्ठावन्नाव्या वर्षी तो गेला.

त्या शरद ऋतूत शेजारच्या गावी सामना होता. पंचाने मायब्रितची बॅट हातात घेतली, दिव्याखाली धरली आणि म्हणाला, "मधले तीन दाणे तुटलेत. आज खेळ, पण पुढच्या वेळी हे रबर चालणार नाही."

पुढच्या गुरुवारी मायब्रितने बॅट आणि नवं रबर होल्गरसमोर ठेवलं. होल्गरने ती उचलली नाही.

"काय झालं?"

"बघतो."

"बघून काय दिसणार? लाव की."

"लावणं काही कठीण नाही गं. काढायचं काय?" होल्गर म्हणाला. "नऊ वर्षांपूर्वी मीच लावलंय हे. पांढऱ्या गोंदाने. कोऱ्या लाकडावर."

"मग?"

"तेव्हा मी म्हटलं होतं, आधी वॉर्निशचा एक हात देऊ."

"आणि मी नको म्हटलं होतं. रॅग्नवाल्ड म्हणायचा, वॉर्निश दिलं की लाकूड मुकं होतं."

होल्गरने श्वास आत ओढला. आमच्याकडे त्याचा अर्थ हो. वॉर्निश नसलं की पांढरा गोंद लाकडात मुरतो आणि रबर ओढताना लाकूड बरोबर घेऊन येतो, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, एखादी नवी बॅट घेतली तर? मायब्रितने माझ्याकडे पाहिलंही नाही.

होल्गर बॅट घरी घेऊन गेला आणि महिनाभर काही केलं नाही. आधी म्हणाला, घरात हवा फार कोरडी आहे. मग म्हणाला, बोटाला कापलंय. मग एल्कच्या शिकारीचे दिवस आले, त्यात दोन आठवडे गेले. पुढचा सामना आठवड्यावर आला तेव्हा मायब्रितने त्याला हॉलच्या दारातच गाठलं.

"होल्गर, मी एकाहत्तर वर्षांची आहे. तुझा विचार संपायच्या आधी मी संपेन."

"रविवारी करतो."

"कुठल्या रविवारी ते पण सांग."

"या."

त्याने मला बोलावून घेतलं, बॅट धरायला. रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. स्वेआ ओट्याशी दालचिनीचे पाव वळत होती. होल्गरने आधी एका जुन्या फळीवर तसाच गोंद लावून, वाळवून, काढून पाहिला होता. ती फळी त्याने मला दाखवली. स्वच्छ निघाली होती. "पण ही फळी बर्चची," तो म्हणाला. "स्प्रूस मऊ."

मी मूठ दोन्ही हातांनी धरली. त्याने मुठीजवळचा कोपरा नखाने उचलला आणि खाली लाकडाची पातळ पट्टी सारली, लोणी लावायची. ओढायचं नाही, नुसतं उचलून धरायचं आणि गोंदाला आपण होऊन सुटू द्यायचं, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. अंगठाभर रुंदी सुटायला दहा मिनिटं लागली. मग आणखी अंगठाभर. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण हात स्थिर होता. तासाभरात जवळजवळ निम्मं रबर सुटलं आणि खालचं लाकूड अगदी जसंच्या तसं होतं, पिवळसर, सरळ रेषांचं.

स्वेआने मागून डोकावून पाहिलं. "बघ. उगाच महिनाभर झोप घालवलीस."

होल्गरने पट्टी आणखी थोडी आत सारली.

आवाज अगदी बारीक होता. वाळका पाव दोन बोटांत मोडावा तसा. होल्गर जागच्या जागी थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"लाकूड आलं."

मी वाकून पाहिलं. रबराच्या पोटाला बोटभर लांबीची लाकडाची चिरफळी चिकटून वर आली होती. तिचं दुसरं टोक अजून पाटीला होतं. तिथे लाकडाची रेघ किंचित वळत होती. कधीकाळी जवळून एखादी फांदी गेली असेल. पुढे ओढलं तर चिरफळी वाढणार, मागे दाबलं तर ती बसणार नाही. होल्गरने रबर तसंच अधांतरी धरून ठेवलं. किती वेळ धरलं कोण जाणे. मला वाटलं, तो आता कधीच हात हलवणार नाही.

मग त्याने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. तिथेही थोडं सुटलं आणि पुन्हा तोच आवाज. बाजूने केलं. स्वेआने केस वाळवायचं यंत्र आणून दिलं. त्या उबेने रबर मऊ पडलं, गोंद आणखी चिवट झाला. शेवटी शेवटी तर होल्गर प्रत्येक वेळी ओढायच्या आधी डोळे मिटत होता. मी त्याला म्हटलं, "थांबायचं का?" तो म्हणाला, "थांबून कुठे जाऊ?"

रबर निघालं तेव्हा त्याच्यावर लाकडाच्या तीन लांब पट्ट्या होत्या, आणि पाटीच्या ऐन मध्यावर तळहाताएवढा वरचा पापुद्रा नव्हता. खालचा थर उघडा पडला होता. त्याच्यावर पेन्सिलीने काढलेला एक बाण दिसत होता. थर जोडताना कुठली बाजू वर हे चुकू नये म्हणून सुतार काढतात तसा. रॅग्नवाल्डने तो काढला आणि वर पापुद्रा बसवला, तेव्हापासून तो कुणी पाहिला नव्हता.

स्वेआने भट्टीतून पाव काढले. कुणी खाल्ले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून होल्गर ती बॅट दुरुस्त करायला लागला. रबर कोमट पाण्यात ठेवून त्याने पट्ट्या सोडवल्या, पण पाणी पिऊन त्या फुगल्या आणि वाळताना वेड्यावाकड्या वळल्या. त्यांना दोन फळ्यांत दाबून ठेवलं. सरळ झाल्या तेव्हा त्या आपल्या जागेपेक्षा मोठ्या झाल्या होत्या. कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्याने तिथल्या दोन जुन्या सोबत्यांना फोन केले, तसला पातळ स्प्रूस कुणाकडे पडलाय का म्हणून. एकाने आणून दिला. पण त्याच्या रेघा एकमेकींपासून दुप्पट लांब होत्या. किनाऱ्याकडच्या शहरात हाताने बॅटी करणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे मी होल्गरला गाडीतून घेऊन गेले. त्याने बॅट कानाजवळ नेऊन बोटाने ठोकून पाहिली.

"अख्खा वरचा थर तासून नवा बसवता येईल," तो म्हणाला. "खेळायला चालेल. पण ही तीच बॅट असेल असं मी सांगणार नाही."

"तीच हवीय," होल्गर म्हणाला.

"मग तू माझ्याकडे उशिरा आलास."

येताना दीड तासाच्या रस्त्यात होल्गर एकदाच बोलला. "तीन हात दिले होते मी. एक पुरला असता. कारखान्यात मी पोरांना ओरडायचो, जास्त गोंद म्हणजे जास्त पक्कं नव्हे. आणि हिचं रबर सुटू नये म्हणून तीन दिले."

दरम्यान तो मायब्रितशी खोटं बोलत होता. सामना तोंडावर आला तेव्हा तिला म्हणाला, गोंद वाळतोय. मायब्रित माझी बॅट घेऊन खेळली आणि तिन्ही खेळ हरली. तिच्या अशा सरळसरळ हरण्याची आम्हाला सवय नव्हती. त्यानंतरच्या गुरुवारीही होल्गर म्हणाला, वाळतोय अजून. मी शेजारी बसून माझ्या कपात पाहत राहिले.

"गोंद कधीपासून पंधरा-पंधरा दिवस वाळायला लागला?" मायब्रित म्हणाली. "काँक्रीट ओतलंयस काय?"

कुणीतरी हसलं. होल्गर उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही. मी मागोमाग गेले. तो नळ सोडून नुसता उभा होता.

"इंगालिल, मला तिच्याकडे सोडशील का? उद्या. मी एकटा गेलो तर दारातून परत येईन."

शुक्रवारी दुपारी आम्ही मायब्रितच्या घरी गेलो. तिने टेबलावर कप मांडले. होल्गरने कोटही काढला नाही. कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "झालं नाही ते. मोडली मी."

मायब्रितने बॅट बाहेर काढली. ती चष्मा शोधायला उठली, सापडला, परत येऊन बसली. त्या उघड्या जागेवरून तिने अंगठा फिरवला, एकदा वर, एकदा खाली.

"हा त्याचा बाण," ती म्हणाली. "सगळ्यावर काढायचा. घरातल्या खिडक्यांवरसुद्धा आहेत."

होल्गर उभाच होता. "मीच तीन हात दिले होते तेव्हा."

"वॉर्निश नको मी म्हटलं होतं."

"मी ऐकायला नको होतं."

मायब्रितने बॅट टेबलावर ठेवली. बाहेर बर्फ खरवडणारी गाडी गेली.

"शिवी तरी दे," होल्गर म्हणाला.

"शिवी दिली की पापुद्रा परत बसतो का? बसत असेल तर सांग, देते." मग तिने विचारलं, "निघालेलं लाकूड कुठाय?"

त्याने खिशातून एक पाकीट काढून दिलं. आत त्या पट्ट्या होत्या. मायब्रितने उघडून पाहिलं, पाकीट बंद केलं आणि बॅटबरोबर पिशवीत टाकलं. "कॉफी गार होतेय," ती म्हणाली. होल्गर बसला. त्याने कप उचलला आणि न पिता परत ठेवला.

रागावली असती तर होल्गरचं बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. ती रागावली नाही. दर गुरुवारी पूर्वीसारखीच येऊन बसायची, बोलायची, टोमणे मारायची. फक्त रॅग्नवाल्डचं नाव काढायची नाही. आणि होल्गर तिच्या प्रत्येक साध्या वाक्यावर दचकायचा. त्याने रबर लावायचं काम सोडलं. कुणी बॅट पुढे ठेवली की तो आपला कप उचलून बाजूला सरकायचा. दोघा-तिघांनी समजावलं, अरे, होतं असं, सगळ्यांच्या हातून होतं. स्वेआनेही सांगून पाहिलं. तो ऐकून घ्यायचा, श्वास आत ओढायचा आणि सरकायचा. लोक मग मोबाइलवर बघून आपापली रबरं लावायला लागले. कुणाची वाकडी, कुणाची सैल. खेळ चालू राहिला.

फेब्रुवारीत मायब्रितने नवी पाटी मागवली. कारखान्यातली, गुळगुळीत, वॉर्निश केलेली. एका गुरुवारी पाटी, लांब दाण्यांचं रबर आणि पांढऱ्या गोंदाची बाटली घेऊन ती आमच्या बाकावर होल्गरच्या शेजारी येऊन बसली.

"लाव."

"मला नाही जमायचं."

"मग मी लावते. तू सांग."

तिच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे सुजलेले असतात, थंडीत जास्तच. बाटलीचं झाकण मी उघडून दिलं. तिने बाटली उलटी केली तर भसकन गोंद आला.

"जास्त झाला," होल्गर म्हणाला.

"मग काढ."

होल्गरचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, पाटीपर्यंत आला आणि परत गुडघ्यावर गेला. मी त्याच्या हाताकडे पाहत होते, मायब्रितही पाहत होती. तिने स्पंजने गोंद पसरवला, एकीकडे डबकं, एकीकडे कोरडं. वाळेपर्यंत थांबली, पण पुरती थांबली नाही. मग तो कागदासारखा पातळ रबराचा तुकडा वरून सोडला. तो मध्येच टेकला आणि ऐन मध्यात हवेचा फुगा राहिला, मोठ्या बटणाएवढा. तिने अंगठ्याने दाबला. फुगा बाजूला सरकला. पुन्हा दाबला, पुन्हा परत आला.

"टोचून हवा काढता येते," होल्गर हळूच म्हणाला. "बारीक सुईने. तिरकी घालून."

"सुई आहे माझ्या पिशवीत."

तो बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मायब्रितने ते पाहिलं आणि मान वळवली. मग तिने स्वयंपाकघरातल्या माझ्या कात्रीने कडा कापल्या, दातेरी दातेरी, आणि बॅट घेऊन टेबलाकडे गेली.

मार्चमधल्या सामन्यात पंचाने फुग्यावरून बोट फिरवलं, थोडा विचार केला आणि चालेल म्हणाला. मायब्रित तीनपैकी एक खेळ जिंकली. होल्गर गुणफलकाशी बसून आकडे उलटत होता. चेंडू फुग्यावर पडला की ठक्‌ऐवजी भद्द असा आवाज व्हायचा. मग होल्गरचा हात आकड्यावरच थांबायचा आणि पंचाला त्याला नावाने हाक मारावी लागायची.